एक खिळाही ठोकू नये

मांजरी,
रविवार, २ फेब्रुवारी

ती. मुक्ताताईंना श्यामसुंदरचा साष्टांग नमस्कार.

आज किमान १२.४, कमाल ३१. आकाश निरभ्र. सहाला उठलो. चहा केला. झाडांना पाणी घातले. पेपर वाचला. दुपारी जेवलो. संध्याकाळी काही केले नाही.

बत्तीस वर्षे वेधशाळेत नोंदी लिहिल्या, ती सवय जात नाही. कुमुद म्हणायची, तुमच्या पत्रात वारा असतो, माणूस नसतो. तुमच्या धाकट्या बहिणीला हे बोलण्याचा हक्क होता. पण तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर बोलता येत नाही, तेव्हा आपल्याला पत्रच बरे.

तिचे वर्षश्राद्ध शुक्रवारी, १८ एप्रिलला येते. वल्लरी आदल्या दिवशी बंगळुरूहून येईल. त्यानंतर मी तिच्याकडे कायमचे राहायला जायचे ठरले आहे. म्हणजे तिने ठरवले आणि मी हो म्हणालो. हे घर योगेश नावाचे गृहस्थ भाड्याने घेणार आहेत. मूळचे अमरावतीचे, इथे खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत. पत्नीचे नाव रुपाली. बागेच्या जागी फरशी घालून गाडी लावणार म्हणाले. दोघेही चांगले वाटले.

आवराआवर सुरू केली आहे. कुमुदची बागेची अवजारे घरभर आहेत. खुरपे चमच्यांच्या खणात, फवारणीचा पंप न्हाणीघरात, कुदळ माझ्या कपाटामागे, आणि शेणखताचे पोते मी ज्यावर झोपतो त्या दिवाणाखाली. पेरूच्या झाडाजवळ अवजारांसाठी एक लाकडी शेड बांधा, असे ती अकरा वर्षे म्हणत होती. मी अकरा वर्षे 'बघू' म्हणालो.

एक विचारायचे होते. वर्ष पुरे होण्याआधी घरात काही बांधले तर चालते का? सहज विचारतो.

आपला,
श्यामसुंदर


शनिवार पेठ,
७ फेब्रुवारी

चि. श्यामसुंदररावांस अनेक आशीर्वाद.

पत्र पाचव्या दिवशी पोचलं. चालत आला असतात तरी लवकर पोचला असतात, आणि मला माणूस दिसला असता. मी तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरत नाही. गुडघे तयार नाहीत. लिफ्ट येणार आहे. बारा वर्षं येते आहे.

तुम्ही 'सहज' विचारलंत म्हणजे सहज नाही, एवढं मला कळतं. उत्तर ऐका. नाही चालत. वर्षाच्या आत नवीन काही सुरू करायचं नसतं. अंगणात खड्डा नाही, भिंत नाही, छप्पर नाही. एक खिळाही ठोकू नये. नळ गळत असेल तर तो दुरुस्त करा.

आणि घर सोडून जाणाऱ्या माणसाने बांधायचं कशाला? योगेशरावांच्या गाडीला शेजार हवा म्हणून?

मुलीला हो म्हणालात. तुमच्या 'हो'चा अर्थ कुमुदला लागायचा. मला अजून लागलेला नाही.

पोळ्या बाहेरून आणता का? कशा असतात ते लिहू नका, माझं जेवण व्हायचं आहे.

मुक्ताताई


मांजरी,
रविवार, २ मार्च

ती. मुक्ताताईंना साष्टांग नमस्कार.

किमान १७, कमाल ३५.८. दुपारी वारा पश्चिमेकडून. साडेपाचला उठलो. पाणी घातले. दोन वेळा पोटभर जेवलो.

तुमचा नियम पाळत आहे. अंगणात खड्डा नाही, भिंत नाही, छप्पर नाही.

प्रकृती उत्तम आहे. झोप लागते. भूकही लागते. काल संध्याकाळी कांताबाईंनी आणलेली भाकरी वर आणखी खाल्ली. कांताबाई मागच्या उसाच्या मळ्यात राहतात. कुमुदला शेणखत त्याच आणून देत. हल्ली रोज साडेपाचला येतात आणि अंधार पडायच्या आत जातात. तेवढा वेळ मी दार आतून लावून घेतो आणि पडदे ओढतो. अजून वर्ष झालेले नाही, लोकांना उगाच काही वाटायला नको. त्यांचा हात फार स्थिर आहे. परवा माझ्या अंगठ्याला लागले तेव्हा हळद त्यांनीच लावली.

मी काम करताना गाणे गुणगुणतो असे त्या म्हणतात. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी हे मला नव्याने कळले.

जास्त लिहीत नाही. वर्ष पुरे झाले की सर्वांना कळेलच.

आपला,
श्यामसुंदर


शनिवार पेठ,
६ मार्च

श्यामसुंदरराव,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा चष्मा बदलून वाचलं. मजकूर तोच निघाला.

माझ्या सुनेला, उत्कर्षाला, वल्लरीचा फोन होता. उत्कर्षा माझ्याशी पाटीवर लिहून बोलते. तिने लिहिलेलं जसंच्या तसं उतरवते : 'बाबा हल्ली फोन लगेच ठेवतात. मागे बाईचा आवाज येतो. बाई म्हणते, दादा, म्या धरलंय, हाना आता.' वल्लरीला वाटलं टीव्ही चालू आहे. भोळी आहे, आईवर गेली आहे.

मी जुन्या वळणाची असेन, पण बावळट नाही. एकट्या माणसाला सोबत लागते. आमच्या काकांनी तीन लग्नं केली आणि आम्ही तिन्ही वेळा जेवलो. पण तिन्ही वेळा पत्रिका छापून! पडदे ओढून नव्हे. आणि वर्षाच्या आत तर नव्हेच नव्हे. दहा महिने झाले हो माझ्या बहिणीला जाऊन. दहा.

ही स्थिर हाताची बाई कोण, तिच्या घरी कोण कोण असतं, वल्लरीला कधी सांगणार आहात, हे सगळं उलट टपाली कळवा.

आणि ती तुम्हाला नीट जेवायला घालते का तेही कळवा. हे वाक्य मी खोडलं होतं. पुन्हा लिहिलं आहे.

मुक्ता


मांजरी,
मंगळवार, ११ मार्च

ती. मुक्ताताईंना साष्टांग नमस्कार.

किमान १६.२, कमाल ३६.५. सकाळी अकराला तुमचे पत्र आले. उभ्याने वाचले आणि खाली बसलो.

मग हसू आले. ते थांबेना. बऱ्याच महिन्यांत हसलो नव्हतो, त्यामुळे बरगड्या दुखल्या. संध्याकाळी कांताबाई आल्या तेव्हा त्यांचे यजमान धोंडिबा त्यांच्याबरोबर होते. ते रोजच बरोबर असतात, हे लिहायचे मागच्या पत्रात राहून गेले. सहा फूट दोन इंच उंच आहेत. दोघांना पत्र वाचून दाखवले. धोंडिबा म्हणाले, "न्या की दादा. म्या बी सुटतो." कांताबाईंनी त्यांना पक्कड फेकून मारली. नेम चुकला. "आन् ताईंना कळवा," त्या म्हणाल्या, "एक हाय त्योच आवरंना, दुसरा कुटं ठिवू?"

आता खरे ते लिहितो.

मी शेड बांधतो आहे. तुमच्या नियमात अंगणाचा उल्लेख होता. अंगणाला मी हात लावलेला नाही. हॉलमध्ये बांधतो आहे. खिळ्याचाही उल्लेख होता. एकही खिळा वापरलेला नाही. धोंडिबांचे वडील बैलगाड्या करत. खिळ्याशिवाय सांधा कसा धरायचा हे धोंडिबांना येते. लाकडाला भोक पाडायचे, त्यात फेव्हिकॉल भरायचा आणि लाकडाचीच खुंटी ठोकायची. कांताबाई फळी धरतात आणि मी ठोकतो. 'हाना' ते हेच. असा सांधा पुन्हा सुटत नाही, असे धोंडिबा म्हणतात.

फळ्या भवानी पेठेतून टेम्पोने आणल्या. शेजाऱ्यांना दिसू नयेत म्हणून वर पांढरी चादर घातली आणि दोरीने बांधल्या. टेम्पोवाला आणि मी दोन्ही टोके धरून हळूहळू आत नेत होतो, तर समोरच्या रो-हाउसमधील सर्जेराव पाटील चपला काढून रस्त्यातच उभे राहिले आणि हात जोडले. थोड्या वेळाने त्यांच्याकडून पिठलेभात आला. मला काही सांगता आले नाही. पिठलेभात खाल्ला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फळ्या आणायच्या होत्या, त्या आणल्या नाहीत. एका आठवड्यात दोनदा बरे दिसले नसते.

मुक्ताताई, एक गोष्ट तुम्हालाच विचारतो, दुसरे कोणी नाही. मला आनंद होतो आहे. फळीवर रंधा मारला की गुंडाळीसारखा पापुद्रा निघतो, तो पाहूनसुद्धा होतो. कुमुद नाही आणि मला आनंद होतो. हे बरोबर आहे का?

आपला,
श्यामसुंदर


शनिवार पेठ,
१५ मार्च

चि. श्यामसुंदररावांस अनेक आशीर्वाद.

माझं मागचं पत्र चुलीत घाला. चूल नसेल तर गॅसवर धरा. कांताबाईंना आणि त्यांच्या सहा फुटी यजमानांना माझा नमस्कार सांगा आणि विषय तिथेच संपवा. उत्कर्षाने पाटीवर नुसतं 'हा हा हा' लिहिलं. मी पाटी पुसली.

तुम्हाला मी गरीब समजत होते. बाई गं! नियम पाळून नियम मोडणारा माणूस आमच्या घरात पस्तीस वर्षं जावई म्हणून वावरला आणि कोणाला पत्ता नाही. खिळा नाही म्हणे, खुंटी आहे! वकिली करायला हवी होतीत. ढगांकडे बघत वय घालवलंत.

आनंदाचं विचारलंत. रडायचे दिवस शास्त्राने मोजून दिलेले आहेत. हसायचे मोजून दिलेले नाहीत, म्हणजे ते मोकळे सोडलेले आहेत. मी पत्र वाचून इतकी हसले की उत्कर्षा पाणी घेऊन धावली. कुमुद गेल्यापासून या घरात मला कोणी हसताना पाहिलं नव्हतं. तेव्हा दोघांचंही बरोबर आहे असं धरून चालू.

कुमुदने या शेडबद्दल मला एकदा लिहिलं होतं. पत्र माझ्याकडे आहे. काय लिहिलं होतं ते आत्ता सांगणार नाही. आधी पुरी करा.

आणि मी विचारलं त्याचं उत्तर तुम्ही दिलेलं नाही. जाणारा माणूस शेड बांधत नाही. राहणारा बांधतो. वल्लरीला यातलं काय माहीत आहे?

मुक्ताताई


मांजरी,
सोमवार, ७ एप्रिल

ती. मुक्ताताईंना साष्टांग नमस्कार.

किमान २०, कमाल ३९.२. काल दुपारी चारला शेड पुरी झाली.

सहा फूट लांब, चार फूट रुंद. उंची पुढे सहा आणि मागे साडेपाच, म्हणजे पत्र्यावरचे पाणी मागे जाईल. दार उजवीकडे उघडते आणि आवाज करत नाही. आत सोळा खुंट्या आहेत. प्रत्येक अवजार फळीवर ठेवून त्याच्याभोवती पेन्सिलने रेघ ओढली, म्हणजे कुठले कुठे हे पाहताच कळेल. खुरप्याची जागा दारालगत, हाताशी. पाडव्याला या वर्षी गुढी नव्हती. त्या दिवशी शेडला पहिला हिरवा हात दिला. वर्षाच्या आत रंग चालतो का, हे मुद्दाम विचारले नाही.

आज सकाळी कांताबाई बघायला आल्या. हॉलच्या दारात उभ्या राहिल्या. शेडकडे पाहिले. वळून दाराकडे पाहिले. पुन्हा शेडकडे पाहिले. म्हणाल्या, "दादा, ह्ये भायेर कसं जायाचं?"

मी टेप आणली. दार तीन फूट दोन इंच आहे.

मुक्ताताई, मी बत्तीस वर्षे पाऊस दशांशात मोजला. या शेडसाठी कुदळीचा दांडा मोजला, पेरूची सावली दर तासाला मोजली, कांताबाईंची उंचीही मोजली. दार मोजले नाही. धोंडिबांनीही मोजले नाही, आणि त्यांना तर त्या दारातून रोज वाकून यावे लागते. माझ्यापुरते कारण मला सापडले आहे. काम करताना आपण घरात आहोत हे मी विसरत होतो. मनाने मी पेरूखालीच होतो.

सांधे उकलून पाहावेत म्हणून एका खुंटीला पटाशी लावली. फळी चिरली, खुंटी हलली नाही. तुमचा नियम मोडून खिळे मारले असते तर उपटता आले असते.

धोंडिबा हसत भिंतीला टेकले. मग आम्ही तिघेही शेडमध्ये जाऊन बसलो आणि हसलो, कारण हॉलमध्ये बसायला दुसरी जागा उरलेली नाही.

आता हसू ओसरले आहे. १७ला वल्लरी येईल. १८ला गुरुजी आणि पाहुणे येतील. १९ला योगेश किल्ली घ्यायला येतील. वल्लरीला मी काहीच सांगितलेले नाही. रोज फोनवर ती विचारते, "बाबा, आवरलं का?" आणि मी म्हणतो, चालू आहे. तिने माझ्यासाठी खोली रिकामी केली, खिडकीला जाळी बसवली, म्हणजे मला कबुतरांचा त्रास नको. मी जायचे नाही म्हणालो तर तिला वाईट वाटेल. तसे न म्हणालो तर मला. हे शेवटचे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहितो आहे.

काय करावे?

आपला,
श्यामसुंदर


शनिवार पेठ,
११ एप्रिल

चि. श्यामसुंदररावांस आशीर्वाद.

पत्र वाचून पोटात दुखलं. औषध घेतलं नाही. असलं दुखणं पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही.

घाईने लिहिते, टपालावर माझा भरवसा नाही. हॉलची बागेकडची मोठी खिडकी मोजा. माझ्या आठवणीप्रमाणे माझा पलंग मावेल एवढी आहे. तिची जाळी धोंडिबांकडून काढून घ्या. भिंत फोडू नका. शेड आडवी करून बाहेर काढा, पण १९च्या सकाळी. त्याआधी शेडने अंगणात पाऊल टाकू नये. इतके दिवस पाळलंत, आता सात दिवसांसाठी नाव घालवू नका. श्राद्धाला जागा नसेल तर गुरुजींना शेडमध्ये बसवा. त्यांना सावलीशी मतलब.

वल्लरीचं मी काय सांगू? तुम्हाला 'बघू' म्हणता येतं. 'नाही' त्याहून लांब नाही.

मुक्ताताई


मांजरी,
शनिवार, १९ एप्रिल

ती. मुक्ताताईंना साष्टांग नमस्कार.

किमान २२.६, कमाल ४०.१. या तीन दिवसांत काय काय झाले ते क्रमाने लिहितो. हात दुखत आहेत, अक्षर सांभाळून घ्यावे.

गुरुवारी संध्याकाळी वल्लरी आली. किल्लीने तिनेच दार उघडले. मी स्वयंपाकघरात होतो. पावले हॉलच्या दारात थांबली. मग तिने विचारले, "बाबा, आपल्या घरात घर का आहे?"

मी म्हणालो, "शेड आहे."

"ते दिसतंय. हॉलमध्ये का आहे?"

"वर्षाच्या आत अंगणात बांधायचं नसतं."

"मग बाहेर कशी नेणार?"

"खिडकीतून. मुक्ताताईंनी सांगितलं आहे."

तिने बॅग खाली ठेवली. शेडचे दार उघडून आत गेली आणि लावून घेतले. आतून आवाज येऊ लागला. हसते की रडते ते कळेना. मी बाहेर उभा राहिलो. काही वेळाने दार किलकिले करून म्हणाली, "इथे खुरप्याची रेघ आहे. खुरपं कुठे आहे?" मी म्हणालो, चमच्यांच्या खणात. मग मात्र ती रडत होती.

शुक्रवारी वर्षश्राद्ध यथासांग झाले. जागा नसल्याने गुरुजी आणि मी शेडच्या आत बसलो आणि पाहुणे बाहेर दाटीने. गुरुजींनी चहूकडे पाहून विचारले, "यजमान, हे जिथे मांडलंय तिथेच राहणार का?" मी नाही म्हणालो. "बरं," ते म्हणाले, "नाहीतर पुढच्या वर्षी मी टोपी घालून येतो, पत्रा डोक्याला लागतो." ते फार उंच नाहीत. कुमुदला हे आवडले असते, असे मनात आले आणि मंत्र म्हणताना माझा आवाज दोनदा चुकला.

आज सकाळी आठला धोंडिबांनी जाळी काढली. खिडकी रुंदीला साडेसहा फूट आणि उंचीला साडेचार भरली. शेड पाठीवर आडवी केली. खिडकीतून घालायची म्हणजे आत चौघे, बाहेर चौघे लागत होते. आम्ही होतो धोंडिबा, कांताबाई, वल्लरी, सर्जेराव आणि मी. फळ्यांचा खुलासा ऐकल्यावर सर्जेराव म्हणाले, "म्हणजे मी लाकडांना हात जोडले?" आणि पिठलेभाताचे भांडे परत मागितले.

एवढ्यात फाटकापाशी योगेश आणि रुपाली आले. तीच वेळ दिलेली होती. योगेश आत येऊन थांबले. "बाप्पा! काका, हे काय करून राहिले तुम्ही?"

कांताबाई आतून ओरडल्या, "बोलू नगा, धरा!"

त्यांनी धरले. रुपालीताईंनी पर्स पेरूला अडकवली आणि त्यांनीही धरले. आठवे माणूस हवे होते, ते रस्त्यावरून जाणारे इस्त्रीवाले दशरथ झाले. शेड अर्धी बाहेर आली आणि अडकली. धोंडिबा म्हणाले, वर. सर्जेराव म्हणाले, खाली. वल्लरी म्हणाली, "थांबा, सगळे थांबा, मला हसू येतंय, माझा हात सुटेल." ते ऐकून योगेश हसू लागले, मग दशरथ, मग सगळेच. शेड खिडकीत आणि आठ माणसे तिला धरून हसत आहेत, हलता येत नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता. असे मी कधी हसलो नव्हतो. लग्नातही नाही, तुम्हाला आठवत असेल.

शेवटी हसण्यानेच ती हलली असावी. एकदम सुटली. आम्ही तिला धावतच पेरूखाली नेले आणि उभी केली. इंचाचाही फरक नाही. सावली जिथे मोजली होती तिथेच.

सगळे घाम पुसत उभे होते. योगेशनी जागेकडे नजर टाकली. "काका, एक विचारू? आमची गाडी इथंच लागणार होती ना?"

मी रात्री काही वाक्ये जुळवून ठेवली होती. त्यांतले एकही आठवले नाही. मी म्हणालो, "नाही."

सगळे माझ्याकडे बघू लागले. आणखी काही बोलणे भाग होते. म्हणालो, "इथे शेड आहे. मी इथे राहतो."

रुपालीताईंनी झाडावरून पर्स काढली. "मी याला कालच म्हटलं होतं," त्या म्हणाल्या, "काका फाटक दाखवत होते अन् पाहत होते झाडाकडे." योगेश म्हणाले, "जाऊ द्या काका, दुसरं घर मिळते. पण मी पण उचललं आहे, पेरू लागतील तेव्हा हिस्सा पाहिजे."

वल्लरी घरात गेली. मी मागोमाग गेलो. म्हणालो, "तू जाळी बसवलीस."

"काढता येते, बाबा. तिला स्क्रू आहेत," ती म्हणाली. मग म्हणाली, "वर्षभर मी रोज विचारत होते. एकदा तरी नाही म्हणायचं होतंत. मला वाटायचं तुम्हाला काहीच नको आहे. त्याचीच भीती वाटत होती."

दुपारी सर्वांनी शेडपुढे बसून पोहे खाल्ले. उद्या ती जाईल. दिवाळीला मी पंधरा दिवस तिच्याकडे जाणार आहे. हे मी ठरवले आणि ती हो म्हणाली.

तुम्ही कबूल केले होते. कुमुदने काय लिहिले होते?

आपला,
श्यामसुंदर


शनिवार पेठ,
२३ एप्रिल

चि. श्यामसुंदररावांस अनेक आशीर्वाद.

मी तिथे नव्हते याचं दुःख गुडघ्यांना झालं आहे. काल पाच पायऱ्या उतरले. मग पाच चढले. पुढच्या महिन्यात दहा. शेड बघायची आहे.

कुमुदचं पत्र चार वर्षांपूर्वीचं आहे. सगळं पाठवत नाही, त्यात माझ्याबद्दल बरंच आहे. तुमच्यापुरतं उतरवते :

'ह्यांना शेड बांधा म्हणून रोज सांगते, पण ताई, तुला म्हणून सांगते, त्यांनी बांधू नये. बांधली तर सगळी अवजारं जागेवर जातील. आत्ता कसं, रोज सकाळी हे चहाचा चमचा शोधतात आणि हाती खुरपं येतं. मग म्हणतात, हे इथे का? मी म्हणते, मग कुठे ठेवू? ते म्हणतात, बघू. पाच-सहा वाक्यं होतात. पंपावरून दोन, कुदळीवरून तीन. दिवसाला दहा वाक्यं पडतात माझ्या पदरात. शेड झाली तर हा माणूस दिवसभर तोंड उघडायचा नाही.'

हे मी आधी सांगितलं असतं तर तुम्ही फळ्या परत नेल्या असत्या. म्हणून सांगितलं नाही. चूक केली असेन तर सांगा. पण मला वाटतं तिचं म्हणणं तेव्हा खरं होतं आणि तुमचं आत्ता खरं आहे. आणि शेडपायी तुम्ही दहा नाही, हजार वाक्यं बोललात. मोजा हवी तर, मोजायची सवय आहे तुम्हाला.

मुक्ताताई


मांजरी,
सोमवार, २८ एप्रिल

ती. मुक्ताताईंना साष्टांग नमस्कार.

किमान २३.१, कमाल ३९.८. आकाश अंशतः ढगाळ. आज तारखेने वर्ष झाले. सहाला उठलो. पाणी घातले. पेरूला बारीक फळ धरले आहे. योगेशना कळवले.

तुमचे पत्र शनिवारी आले. मी ते शेडमध्ये बसून वाचले. तुम्ही चूक केली नाहीत.

मला वाटत होते, ती शेड मागते आहे आणि मी देत नाही. अकरा वर्षे ते मनाला लागून होते. ती काय मागत होती ते आता कळले, आणि ते मी रोज सकाळी देत होतो, मला माहीत नसताना. याने फार बरे वाटले. वाईटही वाटले, पण बरे अधिक.

तुम्ही पुढच्या महिन्यात दहा पायऱ्या उतरणार असाल तर धोंडिबा म्हणतात की उरलेल्या ते तुम्हाला खुर्चीसकट उतरवतील. शेड खिडकीतून काढणाऱ्याला तीन मजले काही नाहीत. कांताबाई म्हणतात, "ताईंना म्हनावं, माज्या मालकाला एकदा बघून जावा, मंग ठरवा." विषय संपवा असे तुम्ही सांगितले होते. तो संपत नाही.

शेडमध्ये सगळी अवजारे आपापल्या रेघेत बसली आहेत. कुदळ, पंप, कातरी, झारी, सगळे. हे पत्र लिहायच्या आधी मी बागेत गेलो, दारालगतच्या खुंटीवरून खुरपे काढले, नळाखाली धुतले, फडक्याने पुसले आणि स्वयंपाकघरात चमच्यांच्या खणात परत ठेवले. आता चहा करतो.

आपला,
श्यामसुंदर